पिशवी काढल्यावर लघवी गळत राहिली तर काय करायचं

आमच्या मराठवाड्यात बाईच्या तोंडी 'पिशवी' तीन असतात. गर्भाशय ही पिशवी, लघवी साठते तीही पिशवी, आणि नळीला जोडून खाटेला टांगलेली प्लास्टिकची ती तिसरी. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, बायकांच्या सर्जरी वॉर्डात मी ३१ वर्षं काढली. पहिली पिशवी काढताना दुसरीला इजा झाली आणि म्हणून तिसरी गळ्यात पडली, अशा बायका त्या काळात किती पाहिल्या याची मोजदाद मी ठेवली नाही. आता रिटायर झाले तरी फोन येतात. "सिस्टर, वहिनीचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले, अंगावरून पाणी जातंय, काय करावं?" प्रत्येकीला तेच तेच सांगते, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी ते पाणी कसलं, हे बघा

गर्भाशय काढल्यावर तीन-चार आठवडे अंगावरून थोडं जातंच. आधी लालसर, मग तपकिरी, मग पिवळट. ते चिकट असतं आणि दिवसागणिक कमी होतं. त्याची भीती नको. लघवी वेगळी असते. पाण्यासारखी पातळ, पॅड जड करणारी, वाळल्यावर कापडाला कडकपणा आणि उग्र वास आणणारी. मुख्य म्हणजे ती झोपेत गळते. खोकताना, शिंकताना चार थेंब येणं हा निराळा आजार. पण रात्री स्वस्थ पडलेल्या बाईचं अंथरूण ओलं होत असेल तर त्याला अशक्तपणा म्हणू नका, इन्फेक्शन म्हणू नका आणि 'अंगावर पांढरं जातंय' म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्या तर आणूच नका.

हे बहुतेक वेळा ऑपरेशननंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये सुरू होतं, किंवा नळी काढली त्याच दिवशी. लोक विचारतात, ऑपरेशनच्या वेळी इजा झाली तर गळायला दहा दिवस का लागले? कारण दर वेळी पिशवी कापलेलीच असते असं नाही. लघवीची पिशवी गर्भाशयाला पुढून चिकटलेली असते. ती सोडवून खाली सारताना एखादा टाका तिच्या भिंतीतून जातो, किंवा रक्त थांबवताना तिथे चटका बसतो. त्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा तुकडा हळूहळू मरतो आणि आठवड्या-दीड आठवड्याने गळून पडतो. मग योनीमार्ग आणि लघवीची पिशवी यांच्यात भोक तयार होतं. डिस्चार्ज देताना डॉक्टरला सगळं खरंच ठीक दिसत असतं. आधी सिझेरियन झालेल्या बाईत दोन्ही पिशव्या एकमेकींना जखमेच्या व्रणाने घट्ट चिकटलेल्या असतात, म्हणून तिथे धोका जास्त. मोठ्या गाठी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी वाढ बाहेर होण्याचा आजार), प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबेना म्हणून घाईत काढलेलं गर्भाशय, यांतही तसंच. चांगल्या सर्जनच्या हातूनही हे घडतं. हजार ऑपरेशनांत एखाद-दुसरीला होतं असं धरा. घडलं यापेक्षा घडल्यावर बाईचं ऐकलं की नाही, याचा राग मला जास्त येतो.

या भोकाला डॉक्टर 'फिस्टुला' म्हणतात. इथे एक घोळ होतो, तो सांगितला पाहिजे. आपल्याकडे फिस्टुला म्हटलं की लोकांना भगंदर आठवतं, गुदद्वाराजवळचं. एका बाईच्या भावाने चिठ्ठीवरचा शब्द वाचून तिला सरळ मूळव्याधीच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथे गेले तीन आठवडे फुकट. तुमच्या चिठ्ठीवर व्हीव्हीएफ असं लिहिलं असेल तर ते लघवीच्या पिशवीचं आणि योनीमार्गाचं भोक. यूव्हीएफ असेल तर मूत्रनलिकेचं, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीचं. दोन्हींसाठी माणूस एकच, युरॉलॉजीचा सर्जन, किंवा हे काम नेहमी करणारा स्त्रीरोगतज्ज्ञ.

दोन दिवस लिहून काढा

डॉक्टरकडे जायच्या आधी एक वही घ्या. स्वतःला लिहिता येत नसेल तर पोरीला लिहायला लावा. दोन दिवस-रात्रीचं एवढं टिपा: पॅड किंवा कापड किती वेळा बदललं; लघवीला जाऊन बसल्यावर धार येते का, आणि किती येते; झोपल्यावर जास्त गळतं की चालताना; पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखतं का; ताप आला का.

यातलं धारेचं टिपण सोन्याचं आहे. सगळी लघवी खालून वाहून जाते, बसल्यावर धारच येत नाही, तेव्हा पिशवीचं भोक मोठं असण्याची शक्यता. सतत गळतंही आणि दर तीन-चार तासांनी नेहमीसारखी लघवीही होते, तेव्हा भोक अगदी बारीक असेल किंवा इजा मूत्रनलिकेची असेल. एका किडनीची लघवी वाट चुकून खाली गळते, दुसऱ्या किडनीची पिशवीत साठून नेहमीसारखी येते. घरचे म्हणतात, "लघवी तर होतेय की हिला, मग गळतंय कसं?" म्हणून बाईवरच संशय घेतला जातो. वहीत लिहिलेलं असलं की हा वाद मिटतो आणि डॉक्टरचंही अर्धं काम होतं.

वही भरायला दोन दिवस घ्या म्हटलं, त्याला अपवाद आहे. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला ठणका, उलट्या, पोट फुगणं, किंवा लघवीच बंद होणं, यातलं एकही असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा. मूत्रनलिका बांधली गेली असेल तर वरची किडनी फुगते, आणि किडनी फार दिवस वाट बघत नाही.

सातव्या खाटेवरची

बीडकडची ऊसतोड करणारी बाई होती. दोन सिझेरियन झालेली, वय चौतीस-पस्तीस. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तिचं गर्भाशय काढलं होतं. कारण काय, तर अंगावर पांढरं जातं आणि ओटीपोट दुखतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवर २०१९ साली बरीच ओरड झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पांढरं जाण्यावर गर्भाशय काढणं हा उपचार नव्हे, हे मी तेव्हाही म्हणायची, आताही म्हणते. जे ऑपरेशन मुळात झालंच नाही, त्यातून फिस्टुला होत नाही.

तर हिला दहाव्या दिवसापासून गळायला लागलं. दवाखान्याने इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या, मग दुसऱ्यांदा गेली तेव्हा खालचे स्नायू आवळायचे व्यायाम शिकवले. तोवर तोडीचा हंगाम लागला. उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. चार महिने ती तशीच फडात राहिली. जुन्या लुगड्याचे तुकडे, गडद रंगाचं मोठ्या फुलांचं पातळ, आणि पाणी पिणं जवळपास बंद. लोकांत बसायची नाही. टोळीतल्या बायका वासावरून बोलायच्या.

आमच्याकडे आली तेव्हा मांड्या आतून सोलून निघालेल्या आणि हिमोग्लोबिन ७ च्या घरात. तिच्यासाठी जे केलं तेच पुढे क्रमाने सांगते, म्हणजे तुम्हाला कुठे काय विचारायचं ते कळेल.

पहिलं काम: पाणी आणि कातडी

गळणारी प्रत्येक बाई पाणी तोडते. कमी प्यायलं की कमी गळेल, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. पण लघवी घट्ट झाली की जास्त झोंबते, जास्त वास मारते, कातडी जाळते आणि इन्फेक्शनला बोलावते. डॉक्टरने पाणी कमी करायला सांगितलेलं नसेल तर दिवसाला अडीच-तीन लिटर प्या. लघवी पाण्यासारखी फिकी झाली की निम्मा वास तिथेच जातो.

कातडीसाठी काही महागडं लागत नाही. दर वेळी कापड बदलताना कोमट पाण्याने धुवा, साबण एखाद्या वेळीच. चोळून पुसू नका, सुती कापडाने टिपून घ्या. मग व्हॅसलीनचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर. लहान बाळाला लंगोटाचे चट्टे आल्यावर लावतात तेच मलम. डेटॉल नको, पावडर नको, अत्तर तर नकोच. मोठ्या माणसांचे डायपर परवडत असतील तर प्रवासापुरते वापरा, घरी घडी घातलेलं जुनं सुती कापड चांगलं. ते रोज धुऊन कडक उन्हात वाळवायचं. लाजेने आतल्या खोलीत दोरीवर टाकलेलं दमट कापड परत वापरलं की खाज आलीच. रात्री तासभर काहीही न बांधता, खाली प्लास्टिक आणि त्यावर चादर टाकून, हवेवर पडून राहायचं. सातव्या खाटेवरचीच्या मांड्या एवढ्यानेच पंधरा दिवसांत भरल्या.

निळ्या औषधाची तपासणी

डॉक्टर आधी आतून बघतील. मोठं भोक डोळ्यांना दिसतं. बारीक असेल तर तीन बोळ्यांची तपासणी करतात. ती दिसायला साधी आहे, पण मला तिचं कौतुक आहे. योनीमार्गात एकावर एक असे कापसाचे तीन बोळे ठेवतात. नळीवाटे लघवीच्या पिशवीत मिथिलीन ब्लू नावाचं निळं औषध सलाईनमध्ये मिसळून भरतात. मग बाईला दहा-पंधरा मिनिटं चालायला लावतात आणि बोळे एकेक करून काढतात. मधला किंवा वरचा बोळा निळा झाला तर पिशवीला भोक. वरचा बोळा ओला, पण निळा मात्र नाही, तर ते पाणी पिशवीतून आलेलंच नाही, ते मूत्रनलिकेतलं. नुसता खालचा निळा झाला तर लघवीच्या मार्गाजवळची गळती, किंवा भरताना सांडलेलं औषध. तपासणीनंतर थोडा वेळ लघवी निळी-हिरवी येते. हे आधी सांगितलं नाही तर बाया किंचाळत संडासातून बाहेर येतात, मी पाहिलं आहे.

गळणारं पाणी लघवीच आहे का, अशी शंका असेल तर ते बाटलीत धरून त्यातलं क्रिएटिनिन तपासता येतं. रक्तातल्यापेक्षा ते कितीतरी जास्त आलं तर लघवीच. दुर्बिणीने पिशवी आतून बघणं, आणि रक्तात औषध सोडून काढलेला किडनी-मूत्रनलिकांचा सीटी स्कॅन, या दोन तपासण्या ऑपरेशनच्या आधी व्हायला हव्यात. "पिशवीचं भोक सापडलं, पण दोन्ही मूत्रनलिका बघितल्या का?" हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. दहा जणींत एखादीला दोन्ही इजा एकत्र असतात, आणि एकच शिवून दुसरी राहिली तर ऑपरेशननंतरही गळती चालूच.

एक प्रकार असा आहे जो या सगळ्यातून निसटतो. सिझेरियननंतर गर्भाशय आणि लघवीची पिशवी यांच्यातच भोक पडतं. बाई कोरडी असते, गळत काहीच नाही, पण पाळी नेहमीच्या वाटेने येत नाही आणि दर महिन्याला त्याच दिवसांत लघवीतून रक्त जातं. इजिप्तच्या डॉ. युसेफ यांनी १९५७ साली हे मांडलं, म्हणून त्यांचं नाव त्याला आहे. आमच्याकडे अशी एक जण आली होती, वर्षभर मुतखड्याची औषधं खाऊन. लघवीतल्या रक्ताची तारीख पाळीच्या तारखेशी जुळते का, एवढं कुणी विचारलंच नव्हतं.

नळी ठेवून थांबायचं की ऑपरेशन?

भोक बारीक असेल आणि लवकर लक्षात आलं असेल तर चार-सहा आठवडे नुसती नळी ठेवून बघतात. पिशवी रिकामी राहिली की भोकाच्या कडा जुळायला संधी मिळते. दहांतल्या एखाद-दुसरीचं असं आपोआप बुजतं, म्हणजे आशा ठेवावी पण भरवसा नको. मूत्रनलिकेची इजा असेल तर आत डीजे स्टेंट नावाची बारीक लवचिक नळी बसवतात. ती नळी आत गेली नाही तर पुढे मूत्रनलिका पिशवीत नव्या जागी जोडण्याचं ऑपरेशन. स्टेंट बसवला असेल तर तो काढायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. विसरलेले स्टेंट दगड धरतात.

ऑपरेशन केव्हा, यावर घरोघरी भांडणं होतात. सुजलेल्या, लाल, ठिसूळ जागी टाके धरत नाहीत, ओल्या कागदाला शिवल्यासारखं होतं. म्हणून जुने सर्जन सरसकट तीन महिने थांबायचे. आता कॅलेंडरपेक्षा जागा बघतात. इजा दोन-तीन दिवसांत कळली आणि जागा स्वच्छ असेल तर लगेचही करतात. नाहीतर सूज उतरेपर्यंत थांबतात. थांबणं म्हणजे टाळाटाळ नव्हे. पहिल्या ऑपरेशनला यश सगळ्यात जास्त, चांगल्या हातांत दहांत नऊ जणी कोरड्या होतात. दर फसलेल्या प्रयत्नानंतर व्रण वाढतो आणि पुढचं काम अवघड होतं. त्यामुळे "उद्याच या, लगेच शिवून टाकू" म्हणणाऱ्याला शांतपणे विचारा: ही ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता का? खालून करणार की पोटातून? शिवलेल्या दोन थरांच्या मध्ये चरबीचा किंवा पोटातल्या पडद्याचा तुकडा घालणार का? नळी किती दिवस? या प्रश्नांनी चांगला सर्जन चिडत नाही. चिडला तर दुसरा बघा.

थांबायच्या काळात हातावर हात ठेवून बसायचं नाही. लोहाच्या गोळ्या, अंडी, शेंगदाणे-गूळ, डाळी. आणि मिश्री बंद. हे ऐकून सगळ्या हसतात, पण तंबाखूने रक्तवाहिन्या आवळतात आणि जखम भरत नाही. सातव्या खाटेवरचीने मिश्रीची डबी उशाखाली लपवली होती. ती मी काढून घेतली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि हो, आवळण्याच्या व्यायामाने भोक बुजत नाही. ते खोकल्यावर गळणाऱ्यांसाठी.

कागद

ज्या दवाखान्यात पहिलं ऑपरेशन झालं तिथून नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन भागत नाही. ऑपरेशनच्या नोंदी मागा. कुठे चिकटलेलं होतं, रक्त किती गेलं, पिशवी शिवली होती का, हे पुढच्या सर्जनला लागतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर डॉक्टरने कागद ७२ तासांत द्यायचे असतात. लेखी अर्ज करा, पोच घ्या. भांडायला जाऊ नका, कागद आणायला जा. सातव्या खाटेवरचीच्या कार्डावर "टीएएच केले", म्हणजे पोटातून गर्भाशय काढलं, एवढी एकच ओळ होती, बाकी कोरं.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, योजनेत असलेल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राच्या खिडकीवर जा आणि ऑपरेशनचं नाव सांगून ते यादीत बसतं का विचारा. तपासण्या बाहेरून करायच्या आधी विचारा, करून झाल्यावर नव्हे.

ऑपरेशननंतरची नळी

टाके सर्जन घालतो, पण ते टिकवते नळी. दोन ते तीन आठवडे ती राहते. या दिवसांत आतली लघवीची पिशवी एकदाही फुगता कामा नये, फुगली की टाक्यांवर ताण. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पिशवी, म्हणजे तिसरी, नेहमी कमरेच्या खाली हवी आणि जमिनीला टेकायला नको. त्यामुळे खाली सतरंजीवर झोपायचं नाही. आपल्याकडे बाया हट्टाने खाली झोपतात, "मला खाटेवर झोप येत नाही." लघवी चढावर चढत नाही, बाई. शेजाऱ्याची खाट मागून आणा. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, म्हणजे एसटीच्या धक्क्याला आत ओढ बसणार नाही. कुशीवर वळताना नळी अंगाखाली दबली नाही ना, हाताने चाचपा. पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा, आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. बाहेर जाताना पिशवी कापडी झोळीत घालून हाताला अडकवली की कुणाचं लक्ष जात नाही, फक्त झोळी खांद्याला लावू नका.

पाणी भरपूर. दर तासाला पिशवीकडे नजर. दीड-दोन तास पिशवीत थेंबभरही आलं नाही, ओटीपोट जड वाटलं किंवा नळीच्या बाजूने गळायला लागलं, तर नळी कुठे मुडपली का ते बघा. तसं नसेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना. नळी चिमट्याने बंद करून 'सवय' लावायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, नातेवाइकाने नळी उपसायचा प्रयत्न तर मुळीच नको. सातव्या खाटेवरचीच्या ऑपरेशननंतर पाचव्या रात्री वॉर्डातल्या मावशीने फरशी पुसताना तिची पिशवी उचलून खाटेवर ठेवली आणि तशीच राहिली. मी एकच्या राऊंडला आले तेव्हा नळीत लघवी थबकलेली, ती बाई मात्र सिस्टरला उठवायचं कसं म्हणून गप्प पडलेली. पिशवी खाली टांगली तशी भराभर भरली. नशीब, टाके शाबूत राहिले. त्या दिवसापासून खाटेच्या कठड्याला मी लाल फीत बांधायची: या खाटेच्या पिशवीला हात लावायचा नाही.

बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने आत ताण येतो. रात्री इसबगोल, दिवसा पालेभाजी. वजन तीन महिने उचलायचं नाही, भरलेली घागर हेही वजनच. नवरा-बायकोचा संबंधही सर्जन हो म्हणेपर्यंत नाही, बहुधा तीन महिने. हे मी बाईला नाही, नवऱ्याला बाहेर बोलावून सांगायची. बाईने सांगितलेलं तो ऐकेलच असं नाही, सिस्टरने आवाज चढवून सांगितलेलं ऐकतो.

नळी काढल्यावर पहिले काही दिवस घाईची लघवी लागते, कारण इतके दिवस रिकामी राहून पिशवी लहान झालेली असते. दर दोन तासांनी घड्याळ लावून जा, मग हळूहळू अंतर वाढवा. चार थेंब आले म्हणून ऑपरेशन फसलं असं लगेच धरू नका. पुन्हा निळं औषध घालून बघता येतं. बोळा कोरडा निघाला तर भोक बुजलेलं आहे आणि उरलेल्याला औषध-व्यायाम आहे. पुढे मूल होणार असेल, म्हणजे गर्भाशय शाबूत असेल, तर पहिल्या तपासणीलाच डॉक्टरला फिस्टुलाचं ऑपरेशन सांगा. बाळंतपण मोठ्या दवाखान्यात, बहुतेक सिझेरियननेच.

जाता जाता, एका अवजाराबद्दल

नर्सिंगला असताना सिम्स स्पेक्युलम उकळून ठेवणं हे आमचं रोजचं काम. आतून तपासायला लागतं ते, बदकाच्या चोचीसारखं. सिम्स कोण ते कुणी शिकवलं नाही. खूप वर्षांनी वाचलं: अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरी गावी १८४५ ते १८४९ या काळात या डॉक्टरने नेमका हाच फिस्टुला शिवायचं तंत्र बसवलं, ते गुलाम बायकांवर, भूल न देता. अनार्का, लुसी, बेट्सी ही त्यांतली माहीत असलेली तीन नावं. एकट्या अनार्कावर सुमारे तीस ऑपरेशनं झाली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ साली हलवला. मी अवजाराचं नाव बदलू शकले नाही, पण नव्या पोरी ट्रेनिंगला आल्या की स्पेक्युलम हातात देताना अनार्काचं नाव सांगायची. बाळ अडून राहिल्याने होणारा फिस्टुला इथिओपियात अजून दिसतो. अदिस अबाबात कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने १९७४ मध्ये त्यासाठीच वेगळा दवाखाना काढला. आपल्याकडे दवाखान्यातली बाळंतपणं वाढली तसा तो प्रकार माझ्या नोकरीच्या काळात कमी होत गेला आणि ऑपरेशनातून होणारा नजरेत भरायला लागला.

तपासणीची तारीख

नळी काढल्यावर दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी दाखवायला या, असं आम्ही कार्डावर लिहून द्यायचो. बऱ्याच जणी बऱ्या झाल्या की येत नाहीत. याव्यात. मूत्रनलिकेचं काम झालं असेल तर सोनोग्राफीत किडनी सुजली नाही ना, हे बघावंच लागतं, कारण किडनी न दुखताही बिघडते.

सातव्या खाटेवरची तीन महिन्यांनी आली. आधी प्रत्येक वेळी बसायच्या अगोदर ती पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढून अंथरायची, मग त्यावर टेकायची. त्या दिवशी ओपीडीतल्या बाकावर तशीच बसली, पाय जवळ ओढून, शेजारणीशी बोलत. डॉक्टरांनी तपासलं, ठीक म्हणाले. मला म्हणाली, "सिस्टर, डबी द्या की माझी." मी दिली नाही. पुढची तारीख लिहून कार्ड तिच्या हातात दिलं, आणि ते रेशनकार्डाबरोबर ठेवायला सांगितलं.